दिवा लागतो, मग सेल्फ का लागत नाही?

घरची गाडी, घरचा पाना : लेखांक ६

भाताच्या लावणीच्या दिवसांत किन्हवली, डोळखांब, सरळगाव पट्ट्यात चारचाकी अंगणातच उभी राहते. घरातली माणसं शेतावर असतात, नोकरीवाला दुचाकीने आसनगाव स्टेशन गाठून लोकल पकडतो आणि चिखलातून सेडान बाहेर काढायची कुणाला हौस नसते. लावणी आटोपते, गणपतीच्या खरेदीसाठी शहापूरला निघायचं ठरतं, सगळे आवरून गाडीत बसतात, चावी फिरते आणि बोनेटखालून एकच आवाज येतो, ‘टक’. पुढे काही नाही.

अशा वेळी जमलेल्या चार जणांतला एक तरी ठामपणे सांगतो, ‘‘लाइट लागतायत, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे. सेल्फच गेला.’’ या एका वाक्यापायी अनेकांचे स्टार्टर विनाकारण उतरवले गेले आहेत. मागच्या लेखात आपण फ्यूजची पेटी उघडली होती. आज हे वाक्य तपासू, कारण सुरू न होणाऱ्या गाडीचं बरंचसं निदान त्यात दडलेलं आहे.

हिशेब अँपिअरचा

केबिनमधला दिवा साधारण ५ वॅटचा असतो. १२ व्होल्टवर तो जेमतेम ०.४ अँपिअर वीज घेतो. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. पेट्रोल सेडानचा स्टार्टर मात्र इंजिन फिरवताना १५० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो, आणि डिझेल गाडीचा त्याहूनही अधिक.

आता समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट थर साचलाय आणि तिथे विजेला ०.०२ ओहमचा अडथळा होतोय. आकडा किरकोळ दिसतो. दिव्याच्या ०.४ अँपिअरला या अडथळ्यावर ०.००८ व्होल्टचं नुकसान होतं, ते डोळ्यांना कळणारही नाही. स्टार्टरच्या १५० अँपिअरला त्याच अडथळ्यावर पूर्ण ३ व्होल्ट गमवावे लागतात. १२ मधले ३ वाटेतच गेले, तर इंजिन फिरणार कसं? गाळ धरलेल्या नळातून तांब्या भरतो, पण टाकी भरायला घेतली की नळाची खरी अवस्था कळते, तसंच हे आहे. म्हणून दिवा लागणं हा बॅटरीच्या तब्येतीचा पुरावा नाही. मोठा प्रवाह मागितल्यावर काय होतं, ते बघायचं.

आधी कान, मग पाना

रात्र असो वा दिवस, केबिनचा दिवा लावा, त्याच्याकडे बघत चावी फिरवा आणि आवाज ऐका. चार प्रकार संभवतात.

पहिला : ‘टकटकटकटक’ असा भरभर आवाज आणि दिवा जवळजवळ विझतो. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल अथवा मळलेलं आहे. स्टार्टरचा विजेचा खटका, म्हणजे सोलेनॉइड, ओढला जातो, ताण येताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढला जातो. ती टकटक याचीच.

दुसरा : ‘घर्र... घर्र...’ असं इंजिन दमल्यासारखं फिरतं. कारण बहुधा तेच, फक्त थोडी ताकद शिल्लक आहे.

तिसरा : एकच दणकट ‘टक’ आणि दिवा मात्र फारसा मंदावत नाही. आता संशय स्टार्टरवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर घ्यायला हरकत नाही. पण तोही टर्मिनल साफ केल्यावरच.

चौथा : काहीच आवाज नाही, दिवाही ढिम्म. स्टार्टरपर्यंत हुकूमच पोचत नाहीये. ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे का? बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. क्लचखाली सरकलेलं पायपुसणंसुद्धा गाडी अडवू शकतं. मग फ्यूज आणि रिले. त्याच पेटीत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल, तर क्षणभर अदलाबदल करून बघता येते.

आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही? मग बॅटरीचा विषय सोडून द्या. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी लावून बघा. चावी ‘ऑन’ केल्यावर बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो पेट्रोल पंप. ती नेहमी येत असेल आणि आज आली नाही, तर त्याचा फ्यूज बघा. आपल्याकडे आणखी एक संशयित असतो : उंदीर. पावसात शेतातली बिळं पाण्याखाली गेली की त्याला बोनेटखालची कोरडी, उबदार जागा बरी वाटते. गाडीशेजारी पेंढ्याची उडवी असेल तर विचारायलाच नको. एअर फिल्टरच्या डब्यात काड्या आणि वायरींवर दातांच्या खुणा दिसतात का, ते पाहा. कुरतडलेली वायर दिसली तर फोटो काढून वायरिंगवाल्याला दाखवा. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या आणि हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबली उच्च दाबाच्या असतात. त्यांना हात नको.

दहाचा पाना आणि खायचा सोडा

पहिल्या दोन प्रकारांत हाताशी लागतो तो दहाचा पाना. टर्मिनलची पकड हाताने हलवून बघा. ती जराही फिरली, तर कित्येकदा दुखणं तिथेच सापडतं.

किन्हवलीजवळच्या एका शिक्षकांच्या गाडीचं उदाहरण बोलकं आहे. त्यांनी एका दुकानातून नवी बॅटरी बसवून घेतली होती आणि आठवड्यात पुन्हा ‘टकटक’ सुरू झाली. बॅटरीच खराब निघाली, असं त्यांनी ठरवून टाकलं. गॅरेजवाल्या पोराने बोनेट उघडलं, दोन बोटांनी काळी केबल धरली आणि अलगद फिरवली. पकड शिशाच्या खांबावर गोल फिरली.

‘‘गुरुजी, नट आवळलाय, पण पकड वरच बसलीय. खाली दाबून मग आवळायची.’’

‘‘म्हणजे बॅटरी बदलायची नाही?’’

‘‘बॅटरीने काय केलंय, गुरुजी?’’

खांब वर निमुळता असतो, त्यामुळे पकड टोकावरच अडकली तर नट घट्ट लागूनही आतून सैल राहते. हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं.

सफाईचा क्रम असा. गाडी बंद, चावी बाहेर. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह केबल काढा, मग लाल. लावताना उलट : आधी लाल, शेवटी काळी. कारण गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. काळी जोडलेली असताना लाल नट फिरवणारा पाना पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते आणि पाना लालबुंद होऊ शकतो. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. बॅटरीजवळ विडी-काडी नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. पांढरट-निळसर भुकटी आम्लाची असते, ती फुंकू नका. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फेस थांबला की स्वच्छ पाण्याने पुसा, कोरडं करा, पकड खाली दाबून आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. दमट हवेत हा थर पुन्हा धरायला वेळ लागत नाही, म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा नजर टाकावी. केबल काढल्याने काही गाड्यांत म्युझिक सिस्टीम कोड मागते किंवा काचांची सेटिंग जाते. मॅन्युअलमध्ये आधी बघून घ्या.

मल्टिमीटर : शंभर मतांवर एक आकडा

इलेक्ट्रिकच्या दुकानात काहीशे रुपयांना मल्टिमीटर मिळतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल, तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊ-दहाच्या खाली घसरू नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसलं, तर अल्टरनेटर चार्जिंग करतोय. नव्या गाड्यांत संगणक हा आकडा वर-खाली करतो, तेवढी सूट द्या.

टर्मिनलचा दोष शोधायचीही युक्ती आहे. मीटरची एक सुई शिशाच्या खांबावर, दुसरी त्याच खांबावरच्या पकडीवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. एकाच जागच्या दोन वस्तू आहेत, तेव्हा आकडा शून्याजवळ हवा. तिथे अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर वीज तिथेच अडते आहे.

धक्का मारावा का?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी धक्क्यावर सुरू झालेली अनेकांनी पाहिली आहे. तिला कार्ब्युरेटर होता आणि पेट्रोल पंप इंजिनच चालवायचं. ठिणगीपुरती वीज मिळाली की काम भागे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत पंप, इंजेक्टर आणि संगणक हे तिन्ही विजेवर चालतात. बॅटरी पार रिकामी असेल, तर कितीही ढकलून इंजिन जागं होणार नाही. थोडी धुगधुगी असेल आणि गाडी मॅन्युअल असेल, तर चावी ‘ऑन’, दुसरा गिअर, वेग आला की क्लच सोडा. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही.

त्यापेक्षा जंपर केबल बरी. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. ठिणगी पडलीच तर हायड्रोजनपासून लांब पडते. काढताना नेमका उलटा क्रम.

एक प्रसंग मात्र वेगळा. गाडी पाण्याखालच्या मोरीवरून जाताना बंद पडली असेल, तर सेल्फ मारूच नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पाण्यानंतर सेल्फ मारून झालेलं नुकसान साधी विमा पॉलिसी बहुधा नाकारते. गाडी ढकलून कोरड्यात घ्या आणि टो करून न्या.

उभी गाडीही वीज खाते

गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, संगणकाची स्मृती जागी असते. ०.०५ अँपिअर धरलं, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. पेट्रोल सेडानची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे दोन आठवड्यांत ती निम्मी. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस थेट बॅटरीवर जोडला असेल, तर त्याहून लवकर. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट होतं आणि ती कायमची अधू होते.

अंगणात दहा मिनिटं इंजिन चालू ठेवल्याने हे भरून येत नाही. एकदा सेल्फ मारायला लागलेली वीज तेवढ्यात परत मिळते, पण पंधरा दिवसांची तूट नाही. आठवड्यातून एकदा शहापूर किंवा मुरबाडपर्यंत सलग फेरी मारा. ते जमणार नसेल, तर घरगुती चार्जर लावा किंवा काळी केबल काढून ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ : गाडी ठणठणीत असतानाच तिचे तीन आकडे घ्या. रात्रभर उभी असताना, सेल्फ मारताना आणि इंजिन चालू असताना. तारखेसह सर्व्हिस बुकच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. बिघाडाच्या दिवशी तुलनेला काहीतरी हवं, आणि ‘सेल्फ गेलाय’ असं कुणी सांगितलं की त्याच्यापुढे ते पान ठेवता येतं.

पुढच्या आठवड्यात : पावसात भिजलेल्या ब्रेकचे आवाज. कुठला दोन-चार ब्रेकनंतर जातो आणि कुठला ऐकल्यावर गाडी हलवायची नाही.