खुराड्यातील बळी तो कान पिळी

कोंबडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक गरीब, भित्रा जीव उभा राहतो. परंतु ज्या घरी पाच-सहा कोंबड्या पाळलेल्या आहेत, त्या घरच्या बाईला विचारा. ती सांगेल की, सासुरवास पाहायचा असेल तर खुराड्यात डोकवा! वाकवापासून कास्कावेलपर्यंत आपल्या मंडळींच्या लाकूरमध्ये कोंबड्या असतात आणि त्यांत एखादी दांडगी हटकून निघते. अशाच एका दांडगीशी आमची गाठ पडली ती कुवेतमधील शुवैख येथे. त्या वेळी आमच्या हातून जी चूक झाली ती आपल्या बेटावरही घरोघर होते, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शुवैख म्हटले की बंदर, विद्यापीठ आणि मोटारदुरुस्तीची गॅरेजे आठवतात; पण तेथे अंगणे असलेल्या घरांची वस्तीही आहे. अशाच एका बंगल्याच्या मागील खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. घरमालकीणबाई वयोवृद्ध. सगळे त्यांना हज्जिया म्हणत. कुवेतचा मुंबईशी जुना व्यापार, आणि 1961 पर्यंत तेथे रुपयाच चालत असे. त्यामुळे जुन्या पिढीच्या कानांवरून बरेच हिंदी शब्द गेलेले. आमचे बोलणे निम्मे त्या शब्दांत आणि निम्मे खुणांनी चाले. कोंबडीला तेथील बोलीत ‘दियाय’ म्हणतात. हज्जियांच्या पाच दियाय होत्या. त्यांना दाणापाणी करण्याचे काम हळूहळू आमच्याकडे आले.

एके शुक्रवारी शुवैखच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या अल-रायच्या बाजारातून हज्जियांच्या मुलाने एक पांढरी तलंग आणली आणि सरळ खुराड्यात सोडून दिली. तेथूनच महाभारत सुरू झाले. जुन्यांपैकी एक थोराड तांबडी कोंबडी होती. तिने पांढरीच्या डोक्यावर चोची मारून मारून तुऱ्यातून रक्त काढले. रक्त दिसताच बाकीच्याही धावल्या.

आम्ही काय केले? जे कोणीही करील तेच. जखमी पांढरीला उचलले, खोक्यात घालून आमच्या खोलीत ठेवले, कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुतली. आठ दिवसांनी ती बरी झाल्यावर पुन्हा अंगणात सोडली. तांबडीने तिला पूर्वीपेक्षा दुप्पट झोडपली! कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, तसाच हा प्रकार. हज्जिया म्हणाल्या, तांबडीला येत्या शुक्रवारी पातेल्यात घालू. आमच्या सौभाग्यवतींचे मन होईना, कारण अंडी सर्वांत नियमित देणारी तीच. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

हा मारहाणीचा प्रकार मुळात काय आहे, हे जगाला प्रथम नीट समजावून दिले ते नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी. लहानपणापासून त्यांना कोंबड्यांचा नाद. कोण कोणाला टोचते याच्या ते नोंदी ठेवीत. पुढे 1921-22 च्या सुमारास त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कळपात पहिल्या क्रमांकाची कोंबडी सर्वांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची बिचारी कोणालाच नाही. हा चोचीचा मानपान एकदा ठरला की भांडणे कमी होतात. नुसती मान वर केली तरी खालची बाजूला सरते. म्हणजे थोडीफार टोचाटोची हा गुन्हा नव्हे, ती कळपाची घडीच आहे. कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या मुख्यतः डोके व तुरा पाहून. एखादी काही दिवस दिसेनाशी झाली की तिची जागा जाते आणि परत आल्यावर तिला पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते. आमची चूक येथेच होती. मार खाणारीला आम्ही दूर नेले आणि तिची उरलीसुरली जागाही घालवली.

पण मानपान ठरल्यावरही मार थांबत नसेल तर कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. म्हणून आम्ही एक दिवस पहाटेपासून खिडकीत बसून पाहिले. जून महिना होता. कुवेतचा उन्हाळा कसा असतो हे सांगायचे तर, 21 जुलै 2016 रोजी तेथील मित्रिबा येथे 53.9 अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली आहे. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते आणि पाणी पिते. एवढेच तिचे उपाय. आमच्या अंगणात सावली एकच, सिद्राच्या झाडाची. सिद्र म्हणजे आपल्या बोरीचा जातभाई. आणि पाण्याचे भांडे एकच, तेही त्याच सावलीत! दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत तांबडी त्या भांड्याशी ठाण मांडून बसे. पांढरी भिंतीकडेला उन्हात धापा टाकीत उभी. पाण्याकडे दोनदा आली, दोनदा हाकलली गेली. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, पांढरी चोचीने मरण्याआधी तहानेने मेली असती, आणि ते भांडे तेथे आम्हीच ठेवले होते.

त्याच संध्याकाळी आम्ही तीन गोष्टी केल्या. पाण्याची तीन भांडी मांडली, एकापासून दुसरे दिसणार नाही इतक्या अंतरावर. एका कोंबडीला तिन्हींवर पहारा करता येत नाही. भिंतीलगत खजुरीच्या झावळ्यांचा मांडव घालून दुसरी सावली केली. त्याला दोन्ही बाजूंनी वाट ठेवली, कारण कोपऱ्यात सापडलेली कोंबडी पळू शकत नाही. आणि या खेपेस पांढरीला नव्हे, तर तांबडीला उचलून घराच्या दुसऱ्या बाजूस, बाकीच्यांच्या दृष्टीआड, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले. तेथे तिला सावली, दाणा व पाणी भरपूर दिले. शिक्षा करण्याचा हेतू नव्हता. चार दिवसांत अंगणातील मानपान तिच्यावाचून नव्याने बसला. पाचव्या दिवशी, अंधार पडल्यावर, तिला दांडीवर नेऊन बसवले.

तांबडी संत झाली, असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी ती पांढरीवर धावलीच. पण एका करड्या कोंबडीने तिलाच दोन चोची दिल्या, आणि पांढरी मांडवाच्या दुसऱ्या वाटेने निसटून पाण्याशी गेली. आठवड्याभरात नवे रक्त दिसले नाही. शुक्रवार आला, पातेल्यात मासळी शिजली.

आता आपल्या बेटाकडे वळू. तेथे कुवेतचे ऊन नाही, पण चक्रीवादळ आहे. जानेवारी 2024 मध्ये बेलाल आले, तसे वादळ येणार म्हटले की आपण साऱ्या कोंबड्या एका लहान खुराड्यात कोंबतो. एक भांडे, एक कोपरा, बाहेर पडायची सोय नाही. वादळ ओसरल्यावर दार उघडावे तर एखादीचे डोके रक्तबंबाळ. उन्हाने जे शुवैखला केले तेच वादळ येथे करते. खुराडे मोठे करता आले नाही तरी भांडी दोन ठेवा, मध्ये एखादी फळी आडवी उभी करा, आणि खाली उसाचे पाचट जाड पसरून त्यात मूठभर दाणे टाका. उकरायला काम मिळाले की चोच दुसरीच्या पिसांकडे कमी वळते. रात्री बसायच्या दांडीवर प्रत्येकीला निदान एक वीत जागा हवी.

आणखी थोडे ध्यानात ठेवावे. मार डोक्यावर असेल तर तो मानपानाचा. पाठीची किंवा शेपटीची पिसे उपटली जात असतील तर खाद्यात प्रथिने कमी आहेत काय, पिसांत उवा-पिसवा आहेत काय, गर्दी झाली आहे काय, ते पाहावे. खुडूक कोंबडी अंगावर येते, तिला दांडगी समजू नये. नवी कोंबडी एकटी आणू नये, निदान दोन आणाव्यात, म्हणजे मार वाटला जातो. प्रथम काही आठवडे त्यांना पूर्ण वेगळे ठेवावे. 2007 साली कुवेतमध्ये पक्ष्यांत बर्ड फ्लू पसरला होता, तेव्हा बाजारातील पाखराबाबत ही खबरदारी फुकट जात नाही. मग आठवडाभर मध्ये जाळी ठेवून ओळख होऊ द्यावी. रक्त आलेली कोंबडी मात्र ताबडतोब बाजूला घ्यावी, आणि जखम सुकताच, उगाच दिवस न लावता, परत सोडावी. इतके सारे करूनही एखादी सुधारत नसेल तर तिला वेगळे घर द्यावे किंवा पातेल्याचा विचार करावा. पण आधी भांडी मोजावीत.

आम्ही शुवैख सोडण्यापूर्वी पांढरीने पहिले अंडे दिले. हज्जियांनी ते आमच्या सौभाग्यवतींच्या हातावर ठेवले आणि तांबडीकडे बोट दाखवून हसत म्हणाल्या, “ये भी अच्छा दियाय!”