वामन–गुरुदत्त : एका कापणीची दोन नावं



'कर्ज'ची गिटारची धून आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असेल आणि 'मिस्टर इंडिया' तर प्रत्येक सुट्टीत केबलवर बघून झालाय. पण या दोन्हीचं एडिटिंग कुणाचं, असं विचारलं तर सकाळी जर्नल स्क्वेअरला पाथ ट्रेनची वाट बघणारे दहातले नऊ देसी डोकं खाजवतील. उत्तर आहे वामन भोसले आणि गुरुदत्त शिराळी. ('प्यासा'वाले गुरुदत्त वेगळे!)

भोसले मूळचे गोव्यातल्या बार्देशातल्या पोंबुर्प्याचे. 1952 च्या सुमारास ते नोकरीसाठी मुंबईला आले. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, म्हणजे कागदोपत्री ते आपल्यासारखेच परदेशात नोकरी शोधायला निघाले होते म्हणायचे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै या संकलकांच्या हाताखाली ते शिकले, मग फिल्मिस्तानमध्ये बरीच वर्षं सहायक म्हणून राबले. स्वतंत्र ओळख मिळाली राज खोसलांच्या 'दो रास्ते'पासून, 1969 साली. पुढे दोनशेहून अधिक चित्रपट! गुलज़ारांचा 'मेरे अपने', 'आँधी', 'मौसम'. सुभाष घईंचा 'हिरो', 'राम लखन', 'सौदागर'. एकीकडे कुजबुज, दुसरीकडे ढोल-ताशे, आणि टेबलावर माणूस तोच.

हे काम तेव्हा कसं चालायचं ते आपल्या भाषेत सांगतो. 35 मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम्स बसतात आणि सेकंदाला 24 लागतात. म्हणजे मिनिटाला 90 फूट, तीन तासांच्या सिनेमाला 16,200 फूट. आणि हा फक्त अंतिम आकडा, शूट केलेला माल याच्या कितीतरी पट. मूळ निगेटिव्हला हात लावायचा नाही. त्याची एक कामाची प्रिंट काढायची, ती मूव्हिओला नाहीतर स्टीनबेकवर बघायची, कापायची, चिकटवायची. मनासारखं झालं नाही तर चिकटवलेलं सोडवायचं आणि बाजूला टांगलेल्या तुकड्यांमधून चार फ्रेम्सचा चिटोरा शोधून परत लावायचा. 'अनडू' हा असा होता. सगळं पक्कं झालं की फिल्मच्या कडेचे छापील नंबर जुळवून निगेटिव्ह कापायचं. ते मात्र थेट प्रॉडक्शन रिलीज, तिथे रोलबॅक नाही.

या जोडीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'इन्कार'साठी (1977). कुरोसावाच्या 'हाय अँड लो'वरून राज सिप्पींनी काढलेला हा सिनेमा हल्ली लोकांना फक्त हेलनच्या 'मुंगळा'साठी आठवतो, हा खरं तर अन्याय आहे. आपले डॉ. श्रीराम लागू त्यात उद्योगपती आहेत. त्यांच्या मुलाऐवजी चुकून नोकराचा मुलगा पळवला जातो. आता खंडणी द्यायची की नाही? दिवाणखाना, फोन आणि चेहरे, एवढ्यावर ताण पेलायचाय. अशा ठिकाणी संकलकाचा प्रश्न एकच असतो, लागूंच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचं? लवकर कापलं तर तो माणूस निष्ठुर वाटेल, उशिरा कापलं तर रडका.

'आँधी'त (1975) गोष्ट निवडणुकीच्या धामधुमीतून संसाराच्या आठवणींत जाते आणि परत येते. संजीवकुमार आणि सुचित्रा सेनचं जुन्या अवशेषांमधलं गाणं आठवा. कडव्यांच्या मध्ये दोघं चक्क बोलतात. गाण्याच्या लयीत बोलणं बसवायचं आणि जोड दिसू द्यायचा नाही! 'मिस्टर इंडिया'त तर हिरोच पडद्यावर नाही. ट्रिक फोटोग्राफी आहेच, पण हवेतली वस्तू आपल्याला खरी वाटते ती त्यानंतर येणाऱ्या घाबरलेल्या चेहऱ्यामुळे. आधी चेहरा की आधी वस्तू, यावर हसू येणार की भीती वाटणार ते ठरतं.

गंमत म्हणजे या कापाकापीचे सुरुवातीचे धडे आपल्याच न्यू जर्सीत गिरवले गेले. एडिसनच्या कंपनीसाठी एडविन पोर्टरने 1903 मध्ये केलेल्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'चा काही भाग इथलाच आहे. असो.

मला राहून राहून नवल वाटतं ते जोडीचं. दर डिसेंबरला आपण सेल्फ-अप्रेझल भरतो. 'टीमने केलं' लिहून चालत नाही, 'मी काय केलं' ते सुटं करून दाखवावं लागतं. या दोघांची नावं मात्र श्रेयनामावलीत वर्षानुवर्षं शेजारी शेजारी येत राहिली. 'आँधी'तली एखादी जोडणी भोसल्यांची की शिराळींची, हे आज कुणाला सांगता येणार? आणि काम चांगलं झालं तर ते दिसतच नाही, मग अप्रेझलमध्ये लिहिणार तरी काय! त्यात स्ट्रीमिंगवर नावं सुरू झाली रे झाली की 'स्किप'चं बटण.

भोसले 26 एप्रिल 2021 ला मुंबईत गेले. कोविडच्या त्या महिन्यात इतक्या बातम्या येत होत्या की ही बातमी तळाशी गेली.

तर मंडळी, येत्या शनिवारी रात्री मी 'इन्कार' लावतोय. पहिला फोनचा प्रसंग एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून बघायचा बेत आहे. नेवार्क अॅव्हेन्यूच्या आसपास असाल तर जरूर या, चहा-पोहे माझ्याकडे. आणि हो, सुरुवातीची नावं कुणी पळवायची नाहीत.