विश्लेषण : गिटारच्या शेजारी व्हायोलिन, दिवसाला दोन प्रयोग... रॉक-ऑर्केस्ट्रा दौऱ्यावर वादक कसे जगतात?

नोव्हेंबरच्या मध्याला अमेरिकेत ‘ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्रा’चा हिवाळी दौरा सुरू होतो आणि डिसेंबर संपेपर्यंत चालतो. दीड महिन्यात साठहून अधिक शहरे आणि शंभरहून अधिक प्रयोग. नावात सायबेरिया असले तरी हा समूह अमेरिकी आहे. मंचावर इलेक्ट्रिक गिटार, ड्रम्स, व्हायोलिन, चेलो, गायकवृंद, लेझरचे झोत आणि आगीचे लोळ असा सगळा थाट असतो. प्रेक्षक अडीच तासांत भारावून घरी जातो, वादक मात्र बसमध्ये चढतो. या दौऱ्यामागचे गणित, तंत्र आणि त्याची वादकांना मोजावी लागणारी किंमत समजून घेऊ.

रॉक आणि ऑर्केस्ट्रा एकत्र कसे आले?

या प्रकारातला सर्वांत गाजलेला सुरुवातीचा प्रयोग २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. ‘डीप पर्पल’ या रॉक बँडचे कीबोर्डवादक जॉन लॉर्ड यांनी बँड आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी एक कॉन्चेर्टो लिहिला. रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे संचालन माल्कम अर्नोल्ड यांनी केले. पुढे या रचनेची मूळ स्वरलिपीच हरवली. १९९९मध्ये डच संगीतकार मार्को द खूय यांनी जुने ध्वनिमुद्रण पुन:पुन्हा ऐकून ती नव्याने लिहून काढली, तेव्हा कुठे ही रचना परत मंचावर आली आणि दक्षिण अमेरिका, युरोप, जपानच्या दौऱ्यावर गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘मेटॅलिका’ने सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर दोन रात्री कार्यक्रम केले.

हे कार्यक्रम प्रासंगिक होते. पॉल ओनील यांनी स्थापन केलेल्या ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्राने मात्र या मिश्रणाचा वार्षिक दौराच करून टाकला. पहिला अल्बम १९९६चा, पहिले जाहीर प्रयोग १९९९चे. त्यांची सर्वांत गाजलेली वाद्यरचना साराएव्होच्या वेढ्यावर आधारलेली आहे आणि ती आधी ‘सॅव्हाटाज’ या हेवी मेटल बँडच्या १९९५च्या अल्बममध्ये आली होती. ओनील यांचे एप्रिल २०१७मध्ये निधन झाले, तरी त्या वर्षीचा दौरा थांबला नाही.

एकच समूह एका रात्री दोन शहरांत कसा?

नाताळचा हंगाम मोजक्या आठवड्यांचा. त्यात जास्तीत जास्त शहरे गाठायची, तर एक संच पुरत नाही. म्हणून समूहाच्या दोन तुकड्या आहेत. एक अमेरिकेच्या पूर्वेकडे फिरते, दुसरी पश्चिमेकडे. कार्यक्रम तोच, मंचाची मांडणी तीच, वादक वेगळे. अनेक शहरांत दुपारी एक आणि रात्री एक असे दोन प्रयोग होतात. कारण मंच उभारण्याचा आणि उतरवण्याचा खर्च एकदाच करावा लागतो. तेवढ्याच खर्चात दुसरा प्रयोग झाला तर दौऱ्याचे अर्थकारण जमते. तिकिटामागे किमान एक डॉलर समाजकार्याला देण्याचीही समूहाची पद्धत आहे.

या वेळापत्रकाला एक कायदेशीर मर्यादा आहे. अमेरिकेत प्रवासी बसच्या चालकाला सलग आठ तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवता येते. त्यामुळे आज रात्रीचे आणि उद्याचे शहर यांतले अंतर आखताना चालकाचे तास आधी मोजावे लागतात. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर रात्री मुंबईत प्रयोग संपवायचा, समृद्धी महामार्गाचे सातशे किलोमीटर झोपेतच कापायचे आणि दुपारी नागपुरात पुन्हा वाद्य हातात घ्यायचे. हे एकदा जमते. सहा आठवडे सतत करणे ही वेगळी गोष्ट.

रस्त्यावरचा धोका खराखुरा आहे. या समूहात बेस गिटार वाजवलेले डेव्हिड झाब्लिडोव्स्की जुलै २०१७मध्ये दुसऱ्या एका बँडच्या दौऱ्यावर होते. फ्लोरिडात त्यांची गाडी महामार्गाच्या कडेला थांबलेली असताना एका ट्रकने धडक दिली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला.

प्रत्येक शहरात नवे वादक का?

दौऱ्यावर गायक, गिटारवादक, ड्रमर, कीबोर्डवादक आणि तंतुवाद्यांचा एखादा प्रमुख वादक कायम असतो. बाकीचे व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोवादक बहुतेक वेळा त्या-त्या शहरातलेच घेतले जातात. माणसे फिरवण्यापेक्षा स्वरलिपीचे कागद पाठवणे स्वस्त पडते.

स्थानिक वादकाच्या बाजूने पाहा. स्वरलिपी आधी हातात पडते, पण सगळ्यांबरोबर सराव बहुधा प्रयोगाच्याच दिवशी, तोही थोडा वेळ. कुठे गज वर जाणार, कुठे खाली येणार, कोणत्या ठिकाणी उभे राहायचे, आगीचा लोळ कुठून उठणार, हे सगळे तेवढ्यात समजून घ्यायचे. दौऱ्यावरचा प्रमुख वादक इथे दुभाष्याचे काम करतो. एका बाजूला खुणा आणि नजरेवर चालणारा बँड, दुसऱ्या बाजूला कागदावर लिहिलेली प्रत्येक मात्रा वाजवणारे वादक. दोघांची भाषा त्यालाच यावी लागते. आणि उद्या दुसऱ्या शहरात हे सगळे पुन्हा पहिल्यापासून.

एवढ्या मोठ्या मंचावर ताल कसा सांभाळतात?

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटर अंतराला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. ड्रमर आणि टोकाचा चेलोवादक यांच्यात १५ मीटर अंतर असेल, तर ठोका चेलोवादकापर्यंत सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मिनिटाला १५० ठोक्यांच्या गाण्यात ठोक्याचा चौथा भाग १०० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे चेलोवादक कानावर विसंबला तर तो जवळजवळ अर्धे पाव मागे पडणार.

यावर उपाय म्हणजे ‘क्लिक ट्रॅक’. सगळ्यांच्या कानातल्या इअरफोनमध्ये एकच टकटक ऐकू येते. तारेतून किंवा रेडिओलहरींवरून येणाऱ्या या आवाजाला हवेतला उशीर लागत नाही. लेझर आणि दिवेही याच घड्याळाला बांधता येतात. त्याची किंमत अशी की एरवी ऑर्केस्ट्रात संचालकाच्या हाताबरोबर ताल थोडा सैल होतो, थोडा आवळतो. क्लिकला हे चालत नाही. आयुष्यभर शेजाऱ्याचा श्वास ऐकून वाजवायला शिकलेल्या वादकाला इथे शेजारी विसरून टकटक ऐकावी लागते.

दुसरी अडचण आवाजाच्या पातळीची. व्हायोलिनसमोर साधा माइक ठेवला, तर त्यात ड्रम्सच जास्त येतात. म्हणून वाद्यालाच चिमट्याने छोटा माइक लावतात किंवा लाकडाची कंपने थेट पकडणारा पिकअप बसवतात. अनेक कार्यक्रमांत ड्रम्सभोवती पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा आडोसा उभा करतात.

कानांना धोका किती?

अमेरिकेतील ‘नायॉश’ ही कामगार आरोग्य संस्था आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचवते. पुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९४ला एक तास, १००ला फक्त १५ मिनिटे. अडीच तासांचे दोन प्रयोग धरले, तर पाच तासांसाठी मर्यादा ८७ डेसिबलच्या आसपास येते. रॉक मंचावर ही पातळी पहिल्या गाण्यातच ओलांडली जाते. शिवाय व्हायोलिनवादकाचा डावा कान त्याच्या स्वतःच्याच वाद्यापासून काही इंचांवर असतो.

कानात घट्ट बसणारे इअरफोन बाहेरचा आवाज बराच अडवतात. पण आतला आवाज वाढवत नेला, तर तेच संरक्षण घातक ठरते. एका कानातला इअरफोन काढून प्रेक्षकांचा प्रतिसाद ऐकण्याचा मोहही अनेकांना होतो. तसे केले की तो कान उघडा पडतो आणि दुसऱ्या कानातला आवाज नकळत वाढवला जातो.

हा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये २०१२मध्ये वॅग्नरच्या ऑपेराच्या सरावात एका व्हायोलावादकाच्या मागेच ब्रास वाद्यांचा ताफा बसवला होता. त्याच्या श्रवणाला कायमची इजा झाली. २०१८मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०१९मध्ये अपील न्यायालयाने संस्थेची जबाबदारी कायम ठेवली. ‘आवाज हेच आमचे उत्पादन आहे’ हा बचाव टिकला नाही. कामाच्या ठिकाणी आवाजाचा कायदा कारखान्याइतकाच ऑर्केस्ट्रालाही लागू होतो, हे त्यातून स्पष्ट झाले. विशेष म्हणजे या प्रकरणात रॉक बँड कुठेच नव्हता.

शरीर आणि वाद्य, दोघांची दमछाक?

ऑस्ट्रेलियातील आठ व्यावसायिक ऑर्केस्ट्रांच्या वादकांची पाहणी २०१२मध्ये प्रसिद्ध झाली. वादनात अडथळा येईल इतके दुखणे कधी ना कधी अनुभवल्याचे ८४ टक्के वादकांनी सांगितले. हे बसून वाजवणारे वादक होते. रॉक मंचावर उभे राहून, हालचाल करत, दिवसातून दोनदा वाजवताना खांदा, मान आणि मनगटावरचा ताण आणखी वाढतो. दोन शहरांमधली झोप बसच्या अरुंद बर्थवर.

वाद्याचेही हाल कमी नसतात. पावसाळ्यात तबला उतरतो, हे आपल्याकडे कोणीही वादक सांगेल. अमेरिकेच्या हिवाळ्यात उलटे होते. बाहेरची थंड हवा आत तापवली की सापेक्ष आर्द्रता घसरते, लाकूड आकसते, तडे जातात. अनेक प्रयोग आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये होतात. तिथे बर्फावर उष्णतारोधक फळ्या टाकून वर मंच आणि खुर्च्या मांडतात. बसमधून थंडीत, थंडीतून प्रखर दिव्यांखाली असा प्रवास वाद्य दिवसात कित्येकदा करते. म्हणून वादक पेटीत ओलावा राखणाऱ्या नळ्या ठेवतात आणि काही जण मौल्यवान वाद्य घरी ठेवून दौऱ्यासाठी दुसरे वापरतात.

शिसवी लाकडाचा संबंध काय?

दौरा देशाबाहेर गेला की कागदपत्रांची भर पडते. वाद्ये आणि यंत्रणा तात्पुरती नेण्यासाठी ‘एटीए कार्ने’ हे दस्तावेज लागतात. ते असल्यास आयातशुल्क भरावे लागत नाही, पण यादीतली प्रत्येक वस्तू परत यावी लागते. त्यातच गिटारच्या पट्टीसाठी आणि पाठीसाठी वापरले जाणारे ‘इंडियन रोझवूड’ म्हणजे आपल्या सह्याद्रीतही आढळणारा शिसवी. जानेवारी २०१७पासून शिसवीच्या कुळातील सगळ्या प्रजाती ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आल्या. बिगरव्यापारी कारणासाठी दहा किलोपर्यंत सूट होती, तरी वादकांमध्ये मोठा संभ्रम झाला. नोव्हेंबर २०१९मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली. ब्राझिलियन रोझवूड मात्र आजही कडक यादीत आहे. जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल, तर वेगळे प्रमाणपत्र लागते.

उत्पन्न किती भरवशाचे?

दौऱ्यावरचे बहुतेक वादक मुक्त व्यावसायिक असतात. प्रयोग झाला तर मानधन. हंगाम दीड-दोन महिन्यांचा, त्यामुळे उरलेले वर्ष शिकवण्या, स्टुडिओतली कामे आणि इतर बँड यांवर काढावे लागते. २०२०मध्ये करोनामुळे हिवाळी दौरा झाला नाही; समूहाने डिसेंबरमध्ये ऑनलाइन कार्यक्रम केला. पण त्यात साठ शहरांतल्या स्थानिक वादकांना जागा नव्हती. मोठ्या समूहाचा एक हंगाम बुडाला, तर अशा शेकडो वादकांची वर्षातली ठरलेली कमाई जाते.

आपल्याकडे काय स्थिती?

मराठी माणसाला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा कार्यक्रम आठवतो. गावोगावच्या जत्रा, गणेशोत्सव, नाट्यगृहे असा दौरा करणाऱ्या या वादकांनी रात्रीचा प्रवास आणि दिवसाचा प्रयोग हे चक्र पिढ्यानपिढ्या अनुभवले आहे. पाश्चात्त्य अर्थाने व्यावसायिक असलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुंबईत ‘एनसीपीए’मध्ये २००६मध्ये सुरू झाला.

कानांच्या बाबतीत मात्र मोठी पोकळी आहे. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० हे परिसरातल्या रहिवाशांना त्रास होऊ नये म्हणून आहेत; रात्री दहाची मर्यादा त्यातूनच आली. म्हणजे यंत्रावरचा कामगार आणि शेजारच्या इमारतीतला रहिवासी यांचा विचार झाला आहे. या दोघांच्या मध्ये, ध्वनिक्षेपकाला खेटून उभा असलेला वादक, मग तो बँजो पार्टीतला असो, ढोल-ताशा पथकातला असो की रॉक बँडमधला, त्याच्या कानांची जबाबदारी सध्या त्याच्या एकट्यावरच आहे. इअरप्लगची जोडी काही शे रुपयांना मिळते. गेलेले श्रवण मात्र कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.