रेला गीत आणि विद्यार्थ्यांचा कॅमेरा

जनसंवाद हा विषय महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या अभ्यासक्रमात आल्यापासून गीतचित्रफीत तयार करणे हे विद्यार्थ्यांचे एक नित्याचे प्रात्यक्षिक होऊन बसले आहे. एखादे गीत निवडावे, त्याची आखणी कागदावर करावी, दोन-तीन दिवसांत चित्रीकरण उरकावे आणि संकलन करून तीन-चार मिनिटांची चित्रफीत परीक्षकांपुढे ठेवावी, असे त्याचे स्वरूप असते. शिक्षकांनाही हे प्रात्यक्षिक सोयीचे वाटते. गीताची लांबी आधीच ठरलेली असते, संवाद लिहावे लागत नाहीत आणि चित्र व ध्वनी यांचा मेळ विद्यार्थ्याला साधला की नाही हे पहिल्याच कडव्यात उघड होते.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत मात्र या प्रात्यक्षिकाला निराळे वळण लागते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला आणि २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. त्यामुळे एटापल्ली, धानोरा, सिंदेवाही, राजुरा या तालुक्यांतील तरुणांना उच्च शिक्षणासाठी नागपूरच्याच विद्यापीठावर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. असा विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी गीत शोधू लागला की चित्रपटगीतापेक्षा आपल्या गावचे गीत त्याला जवळचे वाटावे यात नवल नाही. आणि गावचे गीत म्हणजे या भागात बहुधा रेला. पुस्तकात शिकलेली चित्रीकरणाची पद्धत नेमकी येथे अडखळते.

आधी गीत, मग चित्र

गीतचित्रणाची रूढ पद्धत पार्श्वगायनावर उभी आहे. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला, तेव्हा गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांनी आपली गीते स्वतःच गायिली होती. कॅमेरा व ध्वनिमुद्रण यंत्र एकाच वेळी चालत आणि गाणाऱ्याला मान वळवितानाही ध्वनिग्राहकाचे भान ठेवावे लागे. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’ व त्याची हिंदी आवृत्ती ‘धूपछाँव’ यांत ही अडचण दूर केली. गीत आधी मुद्रित करावयाचे, चित्रीकरणाच्या जागी ते वाजवावयाचे आणि नटाने त्याबरहुकूम ओठ हलवावयाचे, ही पद्धत तेव्हापासून देशभर रुळली. पुण्यात प्रभातच्याच आवारात १९६० साली सुरू झालेल्या चित्रपट शिक्षण संस्थेतही गीतचित्रण हा विद्यार्थ्यांच्या सरावाचा भाग आहे.

या पद्धतीचा मोठा लाभ असा, की गीत एकच राहते आणि चित्रे कितीही वेळा घेता येतात. सकाळी घेतलेला मुखडा व दुसऱ्या दिवशी घेतलेला अंतरा एकाच लयीत बसतो, कारण दोन्ही वेळा तीच ध्वनिफीत वाजलेली असते. संकलकाला गीताच्या ठेक्यावर हवे तेथे चित्र तोडता येते. विद्यार्थ्यांच्या हातून सुबक चित्रफिती तयार होतात त्या या शिस्तीमुळेच.

रेला या शिस्तीत का बसत नाही

माडिया व गोंड समाजात लग्न, सण, पाहुण्यांचे स्वागत अशा प्रसंगी रेला म्हटला जातो. स्त्रिया व पुरुष हात गुंफून ओळ किंवा रिंगण धरतात. एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती झेलतो, आणि ‘रेला’ हा शब्द पुनःपुन्हा परतून येतो. पुष्कळदा वाद्य नसते. पावलांचा आवाज हाच ठेका असतो. प्रसंगानुसार नव्या ओळी जोडल्या जातात, समोर उभ्या असलेल्या पाहुण्याची थट्टाही त्यांत येऊ शकते. गीत किती वेळ चालेल हे नाचणाऱ्यांच्या उत्साहावर ठरते. लय संथ आरंभ होते आणि हळूहळू चढते.

येथे गाणारा आणि नाचणारा वेगळा नाही. त्यामुळे गीत आधी मुद्रित करून ते ध्वनिक्षेपकावर वाजवावयाचे आणि गावकऱ्यांना त्यावर नाचावयास सांगावयाचे, असे केल्यास रेल्याचा प्राणच जातो. पाऊल गाण्याला चालना देते आणि गाणे पावलाला. यांतील एक गोठविले की दुसरे केवळ अनुकरण होऊन बसते. असा प्रयोग केलेल्या चित्रफितीत चेहऱ्यावरचा संकोच लपत नाही. म्हणून रेल्याचे चित्रीकरण करणाऱ्या गटाला एका अर्थाने १९३५ च्या मागे जावे लागते. फरक इतकाच, की प्रभातला जे अवजड यंत्रांनी करावे लागले ते आज खिशात मावणाऱ्या यंत्राने साधते.

कॅमेऱ्याआधीची कामे

पहिली भेट कॅमेऱ्याविना व्हावी हे उत्तम. गीत कोणत्या प्रसंगाचे आहे, ते त्या प्रसंगाबाहेर म्हणणे चालते काय, कोण म्हणतो, कोणत्या ओळी बाहेरच्यांसाठी नाहीत, हे गावातच कळते. गटात माडिया किंवा गोंडी जाणणारा एक तरी विद्यार्थी असावा. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा असून २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदविली आहे. केवळ मराठी जाणणाऱ्याला गीतातील थट्टा व शोक यांतला भेद ओळखणे अवघड जाते.

गावाची संमती ग्रामसभेतून घ्यावी. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्याच्या तेथील रीतीची चर्चा देशभर झाली. अशा भागात एखाद्या प्रमुख व्यक्तीला भेटून काम उरकणे अयोग्यच नव्हे, तर बहुधा निरुपयोगीही ठरते. आश्रमशाळेतील मुले-मुली चित्रफितीत येणार असतील तर मुख्याध्यापक व पालक या दोघांचीही लेखी संमती हवी. चित्रीकरण अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात करावयाचे असेल, मग ते ताडोबा असो वा चपराळा किंवा भामरागड, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे परवाना लागतो. तो वेळेवर मिळेल असे गृहीत धरून परीक्षेची तारीख ठरवू नये.

ऋतूचा विचारही आखणीतच करावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या वार्ता वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते आणि त्या उन्हात माणसांबरोबर बॅटऱ्याही थकतात. धानाची कापणी आटोपल्यानंतरचे दिवस सर्वांत सोयीचे. झाडीपट्टीची नाटकेही याच दिवसांत रंगतात, त्यामुळे गावोगाव रात्री जागण्याची तयारी असते.

रिंगणात कॅमेरा कोठे ठेवावा

प्रत्यक्ष चित्रीकरणात पहिला प्रश्न जागेचा. रिंगणात नाचणाऱ्यांची तोंडे आत असतात. बाहेर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला जवळच्यांच्या पाठी दिसतात आणि चेहरे दिसतात ते पलीकडच्यांचे, दुरून. आत जावे तर चेहरे जवळ येतात, पण दिशा बदलते. रिंगण घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असेल तर मध्यावरून ते उजवीकडून डावीकडे जाताना दिसते; बाहेरून पाहता जवळचे नाचणारे डावीकडून उजवीकडे जातात. हे दोन तुकडे पाठोपाठ जोडले की नाच एकाएकी उलटा फिरल्याचा भास होतो. विद्यार्थ्यांच्या चित्रफितींत हा दोष नेहमी आढळतो. मध्ये केवळ पावलांचे किंवा गुंफलेल्या हातांचे, अगदी जवळून घेतलेले दृश्य घातले तर तो झटका बराच सौम्य होतो. मध्यभागी जाण्यापूर्वी विचारणे अर्थातच आवश्यक आहे. ती जागा रिकामी दिसली तरी मोकळी असतेच असे नाही.

दुसरा प्रश्न लयीचा. तेच गीत तीन वेळा म्हणावयास लावले तर तिन्ही वेळा लय, लांबी व ओळीसुद्धा निराळ्या होतात. पहिल्या वेळचा ध्वनी आणि तिसऱ्या वेळचे चित्र यांचे ओठ जुळणार नाहीत. यावर उपाय असा, की एक कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून संपूर्ण गीत अखंड टिपावे, त्याच वेळी दुसऱ्या कॅमेऱ्याने चेहरे घ्यावेत आणि ध्वनी स्वतंत्र मुद्रकावर गाणाऱ्यांच्या जवळून घ्यावा. कॅमेरा व मुद्रक सुरू झाल्यावर एकदा मोठ्याने टाळी वाजविली की पुढे सर्व फिती त्या खुणेवर जुळविता येतात. नंतरच्या फेऱ्यांत पावले, दागिने, बघ्यांचे चेहरे अशी, ओठ न दिसणारी दृश्ये घ्यावीत.

ध्वनीसाठी कॅमेऱ्यावर विसंबू नये यालाही साधे गणित आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला २५ चित्रचौकटी या आपल्याकडील प्रमाणाने एका चौकटीच्या अवधीत तो १४ मीटरांच्या आतबाहेरच पोहोचतो. म्हणजे नाचापासून तीसेक मीटर दूर असलेल्या कॅमेऱ्यावरील ध्वनी दोन चौकटींनी मागे पडलेला असतो, आणि पाऊल जमिनीवर पडताना ते डोळ्याला जाणवते. मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांनी आणखी एक जपावे. बऱ्याच मोबाइलमध्ये चौकटींचा वेग प्रकाशाप्रमाणे कमीजास्त होतो, आणि दहा मिनिटांच्या गीतात चित्र व ध्वनी यांची फारकत होते. वेग स्थिर ठेवणारी सोय आधीच निवडून घ्यावी.

दहा मिनिटांचे चार मिनिटे

संकलनाच्या टेबलाशी खरी कसोटी लागते. अभ्यासक्रमाला चार मिनिटे हवी असतात, गीत दहा-बारा मिनिटांचे असते. चित्रपटगीतातील एक अंतरा वगळला तरी फारसे बिघडत नाही. रेल्यात एका ओळीतील प्रश्नाचे उत्तर पाच ओळींनंतर येऊ शकते. कोणत्या ओळी ठेवावयाच्या हे गाणाऱ्यांना विचारूनच ठरवावे आणि तोडावयाचे ते पूर्ण कडवे तोडावे. लय चढत जात असल्याने आरंभीची ओळ अखेरच्या ओळीला जोडली तर सांधा कानाला खटकतो. अशा ठिकाणी काही क्षण गीत मंद करून गावाचा आवाज, कोंबडा, पाणी, मुलांचा गलबला, आणणे बरे. एक गट गातो व दुसरा झेलतो ही रचना मात्र संकलकाला मोठी साह्यकारी आहे. ओळ हातातून हातात जाते त्या क्षणी चित्र बदलले की ते बदललेले कळतही नाही.

मराठी अनुवाद पडद्यावर द्यावयाचा असल्यास तो दोन ओळींहून अधिक नसावा आणि मूळ गोंडी शब्दही देवनागरीत वेगळ्या कागदावर उतरून ठेवावेत.

‘पारंपरिक’ या शब्दामागे

चित्रफितीच्या शेवटी नामावली येते. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन या सर्वांपुढे विद्यार्थ्यांची नावे असतात, आणि गीतापुढे एकच शब्द असतो : ‘पारंपरिक’. गीताचा कर्ता अज्ञात आहे एवढ्यापुरते हे खरे. पण त्या दिवशी ते गाणारी माणसे अज्ञात नसतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ ने गायक, वादक व नर्तक यांना कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क दिला असून तो ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आपले नाव लावून घेण्याचा कलावंताचा हक्कही मान्य केला. शिक्षणक्रमात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची प्रत केल्यास तिला हा कायदा सूट देतो. मात्र तीच चित्रफीत परीक्षेनंतर सर्वांसाठी खुली केली, तिच्यावर पैसे मिळू लागले किंवा तिच्यातील ध्वनी दुसऱ्याने उचलून नव्या ठेक्यावर बसविला, तर वर्गापुरती असलेली सूट तेथे कामी येत नाही. आज हे सारे एका रात्रीत घडू शकते. यासाठी संमती घेताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : परीक्षेसाठी चालेल काय, आणि सर्वांना दाखविलेले चालेल काय. पहिल्याला होकार व दुसऱ्याला नकार मिळाला तर तो तसाच लिहून घ्यावा.

संकलन झाले की पहिला खेळ गावातच करावा. एक पांढरा पडदा व लहान प्रक्षेपक एवढे साहित्य त्याला पुरते. चुकीचे कडवे तुटले असेल, एखादीचे नाव चुकले असेल, एखाद्या मृत नातेवाइकाचा उल्लेख अनुवादात भलत्याच अर्थाने आला असेल, तर ते तेथेच कळते आणि परीक्षेपूर्वी दुरुस्त करता येते. न कापलेल्या संपूर्ण गीताची एक प्रत, गाणाऱ्यांची नावे, गाव, तारीख व प्रसंग यांच्या नोंदीसह, ग्रामसभेकडे ठेवावी आणि दुसरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात.