मोबाईलमधला रुपया आणि गटाचं कर्ज

डिजिटल व्यवहारांवरच्या आपल्या कार्यक्रमानंतर वेगवेगळ्या गटांतून एकच प्रश्न आला: आता ई-रुपया आला म्हणतात, मग कर्ज मोबाईलवरच आणि स्वस्तात मिळणार का? प्रश्न विचारणाऱ्या तायांचा हिशेब सरळ आहे. पैसा डिजिटल झाला की बँकेचे हेलपाटे वाचतील, आणि हेलपाटे वाचले की कर्जही सोपं होईल. उत्तर मात्र तितकं सरळ नाही. त्यासाठी आधी पैसा म्हणजे काय, ते बघू.

डब्यात ठेवलेली पाचशेची नोट घ्या. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही आहे आणि एवढे रुपये देण्याचं वचन छापलेलं आहे. म्हणजे नोट हे रिझर्व्ह बँकेचं वचन. गटाच्या पासबुकात चाळीस हजार शिल्लक दिसते, ते तुमच्या बँकेचं वचन. दोन्हीला आपण पैसाच म्हणतो, पण वचन देणारा वेगळा. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण असतं, ते याच कारणानं. दुकानात कोड स्कॅन करून आपण यूपीआयनं पैसे देतो तेव्हाही बँकेच्या खात्यातलाच पैसा इकडून तिकडे जातो. यूपीआय म्हणजे फक्त गाडी, माल बँकेचाच.

ई-रुपया वेगळा आहे. तो रिझर्व्ह बँकेचंच वचन, नोटेसारखंच, फक्त कागदाऐवजी मोबाईलमध्ये. 1 डिसेंबर 2022 पासून मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर इथे त्याची सामान्य लोकांसाठी चाचणी सुरू झाली, मग ती वाढत गेली. नोटा ज्या किमतीच्या असतात त्याच किमतीत तो मिळतो, बँकेच्या ॲपमधल्या पाकिटात राहतो. त्यावर व्याज मिळत नाही, जसं डब्यातल्या नोटेवर मिळत नाही. हे पक्कं ध्यानात ठेवा. कुणी येऊन म्हणालं, "ताई, सरकारी डिजिटल नाण्यात गटाचे पैसे घाला, सहा महिन्यांत दुप्पट," तर तो ई-रुपया नव्हे, ती लबाडी आहे. पाचशेचा ई-रुपया कायम पाचशेचाच राहतो.

आता कर्जाकडे वळू. बँक गटाला दोन लाख मंजूर करते तेव्हा तिजोरीतल्या कुणाच्या तरी नोटा उचलून आपल्याला देते, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. बँक एका बाजूला लिहिते की गट दोन लाख देणं लागतो, आणि दुसऱ्या बाजूला गटाच्या खात्यात दोन लाख जमा दाखवते. त्या क्षणी दोन लाख नवे पैसे तयार झाले. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेनं 2014 साली एक लेख छापून हे उघडपणे सांगितलं, तेव्हा शिकलेल्या लोकांनाही धक्का बसला होता. हप्ता फेडला की तेवढा पैसा पुन्हा नाहीसा होतो.

पण म्हणून बँक वाटेल तेवढं लिहू शकत नाही. गट पैसे काढायला गेला की नोटा द्याव्याच लागतात. त्यासाठी ठेवी लागतात, स्वतःचं भांडवल लागतं, वर रिझर्व्ह बँकेचे नियम. आता कल्पना करा, तालुक्यातल्या सगळ्यांनी आपल्या ठेवी काढून ई-रुपयात नेल्या. बँकेला महागाचा पैसा शोधावा लागेल, आणि त्याचा भार कर्जदारावर येईल. म्हणूनच ई-रुपयावर व्याज ठेवलेलं नाही. युरोपात डिजिटल युरोचा विचार चालू आहे, तिथेही एका माणसानं किती ठेवायचा यावर मर्यादा घालायचं ठरतं आहे. काही अभ्यासक उलट बाजूही मांडतात: ई-रुपयाची भीती असेल तर बँका ठेवीवर चांगलं व्याज देतील, ठेवी वाढतील आणि कर्जही वाढेल. पण तुमच्या प्रश्नापुरतं एवढं नक्की, की ई-रुपया ही रोकड आहे. रोकडीचं रूप बदललं म्हणून कर्ज आपोआप स्वस्त होत नाही.

याहून मोठा प्रश्न असा, की कर्ज मिळाल्यानं घर खरंच वर येतं का? यावर आपल्याच देशात मोठे अभ्यास झालेत. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी सहकाऱ्यांसोबत हैदराबादमधल्या 104 वस्त्या निवडल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यातल्या 52 ठरवल्या आणि तिथे एका मायक्रोफायनान्स कंपनीनं बायकांच्या गटांना कर्ज सुरू केलं. उरलेल्या वस्त्यांत कंपनी तेव्हा गेली नाही. दीड वर्षानं दोन्हीकडची घरं तपासली. ज्यांचा आधीपासून धंदा होता त्यांनी त्यात पैसा घातला आणि नफाही वाढला. टिकाऊ वस्तू आल्या, पान-तंबाखूसारखा खर्च कमी झाला. पण घराचा एकूण खर्च वाढला नाही. मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरात बाईच्या शब्दाला असलेलं वजन, यात फरक दिसला नाही. कर्जानं गरिबी हटते असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना हे पचायला जड गेलं. मला त्यात निराशा दिसत नाही. ज्या बाईचा धंदा आधीपासून चालू होता तिला धंद्यासाठी कर्जाचा उपयोग झाला, असं हा अभ्यास सांगतो.

मग कर्ज बंदच झालं तर बरं का? तेही घडून गेलं आहे. 2010 च्या ऑक्टोबरात आंध्र सरकारनं वसुलीच्या जाचामुळे वटहुकूम काढला आणि तिथली वसुली जवळजवळ थांबली. कंपन्यांचा पैसा अडकला, म्हणून त्यांनी दुसऱ्या राज्यांतही कर्ज आखडलं. एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन यांनी पुढे तपासलं, की त्या कंपन्यांवर जास्त अवलंबून असलेल्या जिल्ह्यांत काय झालं. तिथे रोजंदारी उतरली. ज्या मजूर बाईनं कधी कर्ज काढलंच नाही, तिचीही मजुरी कमी झाली, कारण तिला कामावर बोलावणाऱ्यांच्या हातातला पैसा आटला होता.

म्हणजे कर्ज हवं, पण कसं हवं? कोलकात्यातला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. तिथे कर्ज घेतल्यावर दोन आठवड्यांनी पहिला हप्ता सुरू व्हायचा. त्यांनी काही गटांना दोन महिन्यांची सवलत दिली, बाकी सगळं तेच. सवलत मिळालेल्या बायकांनी नवे धंदे जास्त सुरू केले, आणि जवळजवळ तीन वर्षांनी त्यांचा नफा आणि घराचं उत्पन्नही जास्त होतं. कारण आपल्याला समजावून सांगायला नको. शेळी गाभण राहिली की व्यायला पाच महिने लागतात. हप्ता मात्र पंधराव्या दिवशी दारात. मग बाई शेळी घेतच नाही. कर्जातलेच पैसे बाजूला ठेवून त्यातून हप्ते भरत बसते. एक गोष्ट लपवायची नाही, सवलतीच्या गटांत थकबाकीही जास्त झाली. त्यामुळे कर्ज देणारे स्वतःहून अशी सवलत देत नाहीत, ती मागावी लागते.

आणि मोबाईलचा खरा उपयोग कुठे दिसला, तर आफ्रिकेतल्या युगांडात. एमा रायली या संशोधकेनं सुमारे तीन हजार कर्जदार बायका घेतल्या. काहींना कर्ज नेहमीसारखं रोख हातात दिलं, काहींना फक्त त्यांच्या नावच्या मोबाईल खात्यात. रक्कम, व्याज, हप्ते सारखेच. आठ महिन्यांनी मोबाईल खात्यात कर्ज मिळालेल्यांच्या धंद्याचा नफा 15 टक्के जास्त होता, धंद्यातलं भांडवल 11 टक्के जास्त. सगळ्यात फायदा झाला तो ज्यांच्या घरून पैशासाठी तगादा लागायचा त्यांना. रोकड घरी आली की दिराला मोटारसायकलचा हप्ता आठवतो, सासूबाईंना पाहुण्यांचं देणं आठवतं. खात्यातला पैसा दिसत नाही, म्हणून मागितला जात नाही. अर्थात मोबाईल बाईचा स्वतःचा हवा आणि त्याचा पिन तिलाच ठाऊक हवा. फोन मालकांच्या खिशात असेल तर डिजिटल पैसा आणि डब्यातली नोट यात काही फरक नाही.

ई-रुपयात आणखी एक सोय आहे: तो ठरावीक कामालाच चालेल असं बांधून देता येतो, म्हणजे खताचा पैसा खताच्याच दुकानात. ऐकायला बरं वाटतं. पण खत उधारीवर मिळालं आणि पोराला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर काय करायचं? अशी बांधणी करताना बायकांना विचारलं पाहिजे, असं माझं मत आहे.

आता व्याजाचं. हैदराबादच्या त्या कर्जात दहा हजारांवर शेकडा बारा, पन्नास आठवड्यांत फेड, असा दर होता. बारा टक्के म्हणजे स्वस्तच वाटतं. पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर धरलेलं, आणि मुद्दल तर दर आठवड्याला परत जात होतं. निम्म्या वाटेवर पाच हजारच आपल्याकडे, व्याज मात्र दहाचं. खरा दर वर्षाला 24 टक्क्यांच्या आसपास पडत होता. म्हणून दर ऐकला की पुढचा प्रश्न विचारायचा: पूर्ण रकमेवर, की उरलेल्या रकमेवर?

एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण मायक्रोफायनान्स कर्ज देताना कर्जदाराला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यायचं आणि त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहायचा. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.