हवामान खात्याला गुण कसे द्यावेत?

नाणेघाट-माळशेजच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस त्याच जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, आणे पठारावर पोचेपर्यंत विरून जातो. मग ‘पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार’ हा अंदाज खरा ठरला की खोटा? हवामान खात्याच्या परिभाषेत ‘तुरळक’ म्हणजे फार तर पाव हिस्सा केंद्रांवर. घाटात कोसळला की अंदाज बरोबर. आण्याचा शेतकरी मात्र आभाळाकडे बघत राहतो. घाटमाथ्याला हल्ली वेगळा इशारा मिळतो, हे चांगलंच.

‘शेकडा किती अंदाज बरोबर?’ हे उद्दिष्ट रास्त वाटतं. त्यातली गोम १८८४ मध्येच उघडी पडली. अमेरिकेत जॉन फिन्लीच्या टॉर्नेडोविषयीच्या २,८०३ अंदाजांपैकी ९६.६ टक्के बरोबर आले. टीकाकारांनी हिशेब मांडला: प्रत्येक वेळी ‘टॉर्नेडो नाही’ एवढंच म्हटलं असतं, तर ९८.२ टक्के गुण पडले असते! संकट दुर्मीळ असलं, की काहीच न सांगणारा पहिला येतो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. आलेल्या संकटांपैकी किती आधी सांगितली? आणि दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती पोकळ निघाले? फिन्लीने ५१ पैकी २८ टॉर्नेडो हेरले, पण त्याच्या १०० इशाऱ्यांतले ७२ वाया गेले. सढळ हाताने इशारे दिले तर संकटं कमी हुकतात, पण पोकळ इशारे वाढतात. हात आखडला की उलट.

कुठे सढळ व्हायचं, हे नुकसानीवरून ठरावं. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. अशा उतारावरच्या वाडीला हुकलेला इशारा परवडत नाही. काही रात्री शाळेत विनाकारण काढाव्या लागल्या तरी चालतील. नारायणगावच्या द्राक्षबागायतदाराचं गणित गुंतागुंतीचं. अवकाळी न सांगता आला तर तयार मणी तडकतात. पोकळ इशाऱ्यावर धावपळ केली तर औषध, मजुरी आणि डिझेल अंगावर पडतं.

तेव्हा खात्यापुढे जिल्ह्याची एकच टक्केवारी ठेवू नये. घाटमाथ्यासाठी हुकलेल्या अतिवृष्टीची मर्यादा ठरावी, बागायती पट्ट्यासाठी पोकळ इशाऱ्यांचीही, आणि दोन्ही आकडे दरवर्षी तालुकावार जाहीर व्हावेत. त्यासाठी डोंगरातल्या वाड्यांजवळही पर्जन्यमापक हवेत. जिथे पाऊस मोजलाच जात नाही, तिथे हुकलेला इशारा हिशेबात येतच नाही.