पेशीचा सांगाडा बिघडतो तेव्हा

▪ आधार : केरॅटिन हे पेशीला आतून बळकटी देणारे तंतुमय प्रथिन.

▪ निरोगी गाल : आतल्या अस्तराच्या तळाच्या थरात केरॅटिन ५ व १४, वरच्या थरांत ४ व १३.

▪ तोंडाच्या कर्करोगात : ४ व १३ घटतात. एरवी यकृत-आतड्यांच्या पेशींत असणारी ८ व १८ तिथे दिसू लागतात. पेशींना एकमेकींशी जखडणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन कमी झाले की पेशी पसरू शकतात.

▪ संशोधन : खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात केरॅटिन ८ घटवल्यावर तोंडाच्या कर्करोगपेशींची आक्रमकता कमी झाली.

▪ आपल्यासाठी : गुटखा व तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो. गोव्यात २००५ पासून गुटखाबंदी आहे; तंबाखूही सोडा. नार्वे गावच्या रहिवाशांनो, तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डिचोलीच्या आरोग्य केंद्रात लगेच दाखवा.